मनकर्णेला विहिरीतून वर काढण्याबाबत

उमरटेक जहागिरीत किसनराव वकील तीन नात्यांनी ओळखले जात: वकील, पुढारी आणि लेखक. यांपैकी वकिलीची सनद त्यांनी हैदराबादेस परीक्षा देऊन स्वतः मिळवली होती. उरलेल्या दोन पदव्या त्यांना सरकारने दिल्या. त्या कशा दिल्या याचा पुरावा कचेरीच्या एका मिसलीत आहे. मिसल म्हणजे एकाच प्रकरणाच्या कागदांचे बाड. हे बाड अकरा वर्षांचे असून कापडी बस्त्यासह त्याचे वजन साडेनऊ शेर भरते.

जहागीर लहान होती. कयाधूच्या काठची सतरा गावे आणि चार तांडे, एवढाच तिचा विस्तार. नरसीहून बैलगाडीने निघालेला माणूस जेवणाआधी एका शिवेतून आत शिरे आणि जेवणानंतर दुसऱ्या शिवेतून बाहेर पडे. तरी जहागिरीला स्वतःची कचेरी होती, सहा शिपायांचे पोलीस होते, तिसरीपर्यंतची एक शाळा होती आणि वकील होता. वकील एकच असल्यामुळे जो पक्षकार आधी येई त्याचे वकीलपत्र किसनराव घेत, आणि जो मागून येई त्याला ओसरीवर बसवून कसे हरू नये ते तोंडी समजावून सांगत. दोघांचेही समाधान होई.

किसनरावांची इच्छा साधी होती. उमरटेकातल्या माणसांनी वाचावे. बावीस वर्षांचे असल्यापासून ते पाहत होते की माणसे न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवतात, आणि ज्यांना वाचता येते ते न वाचलेल्या कागदावर सही करतात. दुसऱ्या प्रकाराचे त्यांना अधिक वाईट वाटे. म्हणून फसली १३४७ साली, म्हणजे इसवी सन १९३७ मध्ये, त्यांनी सार्वजनिक वाचनालय उघडण्याच्या परवानगीसाठी दरखास्त दिली.

"घरात पुस्तकं हायेत तुमच्या," शालूबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "आजवर कोनी एक बी मागाया आलं न्हाई. मांजर तेवढं त्याच्यावर झोपतं."

"घर खाजगी असतं. लोकांना संकोच वाटतो."

"परवानगी काढल्यावर संकोच जातो व्हय?"

किसनराव दरखास्तीचा कागद घेऊन ओसरीवर गेले. कायद्याचा मुद्दा घरात काढायचा नाही असा त्यांचा नियम होता.

जहागिरीच्या नियमानुसार तालीम, खाजगी शाळा, सभा आणि वाचनालय या चारही गोष्टींना पूर्वपरवानगी लागे. वाचनालयाच्या दरखास्तीसोबत पुस्तकांची यादी लागे आणि यादीत बत्तिसाहून कमी पुस्तके असल्यास दरखास्त खारिज होई. बत्तीस हा आकडा कसा ठरला याचा शोध घेतला असता असे आढळले की ज्या कागदावर तो प्रथम येतो, त्याच्या आधीचा कागद वाळवीने खाल्लेला आहे.

किसनरावांकडे एकतीस पुस्तके भरली. दोन अंकगणिते, गुरांच्या रोगांवरचे एक, बागाइतीचे एक, काही पोथ्या, काही चरित्रे, एक भूगोल. बत्तिसावे मिळेना. तेव्हा त्यांनी ट्रंकेच्या तळाशी पडलेली एक वही काढली. विद्यार्थी असताना त्यांनी एक कादंबरी सुरू केली होती; चव्वेचाळीस पाने झाल्यावर सनदेची परीक्षा आली आणि ती तिथेच थांबली. यादीत त्यांनी लिहिले: 'अनुक्रमांक ३२. मनकर्णा. हस्तलिखित. कर्ता, अर्जदार.' आपण काय लिहिले हे त्यांच्या लक्षात यायला दोन वर्षे लागली.

दरखास्त तहसीलदार गुलाम दस्तगीर साहेबांपुढे गेली. साहेब औरंगाबादचे, सज्जन, नियमाला चिकटून राहणारे. नियम असा होता की वाचनालयातील प्रत्येक पुस्तकात आक्षेपार्ह काही नाही अशी खात्री अधिकाऱ्याने जातीने करून घ्यावी. साहेबांना मराठी बोललेली कळे, वाचता येत नसे. पण त्यामुळे काही अडले नाही, कारण कचेरीत साहेब कुठलाच कागद स्वतः वाचत नसत. पेशकार मोठ्याने वाची, साहेब ऐकत आणि हुकूम सांगत. याला पेशी म्हणत. दावे जसे पेशीत निघत, तशी पुस्तकेही पेशीत काढावी, असे ठरले. वार मंगळवार.

सोनाजी पेशकार तीस वर्षे जमिनीच्या मोजण्या आणि साक्षीदारांच्या जबान्या वाचत आलेला गृहस्थ. त्याचा सूर एकच होता. त्या सुरात त्याने अंकगणित वाचायला घेतले. उदाहरणे वाचली, उदाहरणांतील आकडे वाचले आणि शेवटी दिलेली उत्तरेही वाचली. सात मंगळवार लागले. पाचव्या मंगळवारी साहेबांनी हात वर केला. उदाहरण दोनशे अकराच्या उत्तरात तिनाचा फरक पडतो असे त्यांनी मनात करून पाहिले होते. अर्जदाराने खुलासा करावा, असा हुकूम झाला. किसनरावांनी लेखी खुलासा दिला की चूक छापखान्याची असून तीत राज्याविरुद्ध हेतू नाही.

गुरांच्या रोगांचे पुस्तक निघाले तेव्हा बाहेर पडवीत आपापल्या दाव्यांची वाट पाहत बसलेली माणसे दाराशी सरकली. त्यांत तांड्यावरची भिकाबाई होती. तिचे दोन बैल कोणाच्या ज्वारीत शिरल्याच्या आरोपावरून कोंडवाड्यात होते आणि ती चार महिने तारखांना येत होती.

"पेशकारदादा," ती दारातून म्हणाली, "ते तोंडखुरीचं पुन्यांदा वाच की. माझ्या खिलाऱ्याला बराबर तेच झालतं."

सोनाजीने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मान हलवली. तोंडखुरी पुन्हा वाचली गेली. मिसलीत तशी नोंद आहे: 'परिच्छेद सहा, जनतेच्या विनंतीवरून, दोनदा.'

अशी एकतीस पुस्तके दोन वर्षांत संपली. आक्षेपार्ह काही निघाले नाही. किसनराव खुशीत होते. मग बत्तिसावे निघाले.

कचेरीचा रिवाज असा की मिसल घेण्यापूर्वी चपराशाने दारात उभे राहून पक्षकाराचे नाव तीनदा पुकारावे. संतराम चपराशी वयाने साठीचा, कामाला चोख. त्याच्या हाती आलेल्या चिठ्ठीवर जे नाव असेल ते तो पुकारी. त्याने चिठ्ठी पाहिली आणि पडवीतून चावडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा केला: "मनकर्णा हाजिर है. मनकर्णा हाजिर है. मनकर्णा हाजिर है."

पडवीतल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिले. कोणी आले नाही. सोनाजीने वाचायला सुरुवात केली.

मनकर्णा ही एका शेतकऱ्याची मुलगी. गावच्या देशमुखाने तिच्या बापाच्या विहिरीवर हक्क सांगितलेला असतो. विहिरीत पाण्याच्या जरा वर एक दगड आहे आणि त्यावर तिच्या पणज्याचे नाव कोरले आहे, असे तिने ऐकलेले असते. पुरावा पाहायला ती दोर बांधून खाली उतरते. पायाला गार पाणी लागते, हाताला दगड लागतो, आणि वर दोर तुटतो.

"येथून पुढे कोरे," सोनाजी त्याच सुरात म्हणाला आणि त्याने वही मिटली.

कोणी हलले नाही.

"पुढं?" साहेबांनी विचारले.

"कोरं आहे, सरकार."

"वकीलसाब, ये क्या है?"

"अपूर्ण आहे, साहेब," किसनराव उठून म्हणाले. "लहान वयातलं लिखाण. हे वगळून बाकीच्या एकतीस पुस्तकांवर निर्णय द्यावा, अशी विनंती आहे."

"एकतीस पे दरखास्त खारिज होती. आपकोच मालूम."

"मग आहे तेवढ्या भागावर द्या."

"अधूरी किताब पे फैसला कैसा देना? लडकी बावडी में है. ऊपर आको उसने सरकार के खिलाफ बोलना के नहीं बोलना, मेरे को क्या मालूम?"

हा मुद्दा कायद्याने बिनतोड होता. हुकूम झाला: 'अर्जदाराने उर्वरित मजकूर पंधरा दिवसांत दाखल करावा.' या हुकुमाने किसनराव लेखक झाले.

पंधरा दिवसांत त्यांना एक ओळही सुचली नाही. त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'सुचत नाही' असे प्रामाणिकपणे लिहिले. मुदत वाढवून मिळाली, मग पुन्हा मिळाली. दर तारखेस संतराम तीनदा पुकारा करी, कोणी येत नसे आणि सोनाजी पुढची तारीख वाचून दाखवी. असे सहा आठवडे गेले.

याच काळात भिकाबाईचा दावा तिच्या बाजूने निकालात निघाला. बैल सुटले. ती साहेबांपुढे येऊन उभी राहिली.

"आता मंगळवारी मी कशी येऊ?" तिने विचारले.

"काम नहीं तो आना काहे को?" साहेब म्हणाले. कचेरीच्या आवारात विनाकारण बसण्यास मनाई होती, आणि तशी पाटी लावलेली होती.

पुढच्या मंगळवारी भिकाबाईने शेजारच्या रूपसिंगवर बोकडाचा दावा लावला. बोकड रूपसिंगचाच होता, आणि दावा लावायची कल्पनाही त्याचीच. प्रतिवादी म्हणून त्यालाही आत बसता येणार होते. ही युक्ती आठवडाभरात सतरा गावांना कळली. पूर्वी उमरटेकात वर्षाला सरासरी नऊ दावे येत, आता महिन्याला नऊ येऊ लागले. जहागिरीच्या वार्षिक अहवालात या वाढीची नोंद 'रयतेचा न्यायावरील वाढता विश्वास' या मथळ्याखाली आहे.

सातव्या आठवड्याला तांड्याचे नाईक फुलसिंग यांनी रीतसर अर्ज दिला. अर्जाचा मजकूर किसनरावांनीच लिहून दिला, कारण वकील तेच होते. 'मुलगी दीड महिन्यापासून विहिरीत आहे. पाण्यात पाय कुजतात. बाप म्हातारा आहे. तरी तिला वर काढण्याचा हुकूम व्हावा.'

"नाईक, ती खरी न्हाई," संतराम त्यांना दारात हलक्या आवाजात म्हणाला. "वहीतली हाय."

"खरी न्हाई?" फुलसिंग म्हणाले. "मंग तू दर मंगळवारी तिच्या नावानं वरडून काहून राहिला?"

संतरामने विचार केला आणि अर्ज आत नेऊन दिला.

साहेबांनी अर्ज मंजूर केला. 'मनकर्णेला पुढील तारखेपर्यंत विहिरीतून वर काढण्यात यावे व तसा अहवाल सादर करावा.' हुकुमाची अवज्ञा हा गुन्हा होता. किसनराव रविवारी सकाळी बैठक मारून बसले आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत मनकर्णा वर आली होती. वाटेने धान्य लादून चाललेल्या तांड्याने बैलांच्या नाड्या एकमेकींना बांधून तिला काढले. मंगळवारी हे ऐकताना फुलसिंग नाईक मिशीवर हात ठेवून बसले. त्या नाड्या कोणत्या तांड्याच्या, यावर परतीच्या वाटेत भांडण झाले. त्यातून दोन दावे झाले.

किसनरावांना आता पुस्तक लवकर संपवायचे होते. पुस्तक संपले की मिसल निकाली निघणार, आणि ती निघाली की वाचनालय होणार. पुढच्याच प्रकरणात त्यांनी मनकर्णेला दावा जिंकून दिला आणि खाली 'समाप्त' लिहिले.

"देशमुख अपील नहीं किया?" साहेबांनी विचारले.

"नाही, साहेब. त्याचं मन पालटलं."

"वकीलसाब, बीस बरस से कचेरी में हूँ. मन पलटा ऐसा एक देशमुख नहीं देखा. ये किताब अधूरी है."

देशमुखाने अपील केले. किसनरावांनी पटकीची साथ आणून मनकर्णेला चार ओळींत मारले. सोनाजीने ते जमिनीच्या मोजणीसारखेच वाचले. चौथी ओळ संपताच भिकाबाई उठून उभी राहिली. मग पडवी उठून उभी राहिली. सहाही शिपाई भिंतीला टेकले. साहेबांनी कामकाज तहकूब केले आणि हुकूम सांगितला: 'सदर मृत्यूमुळे सार्वजनिक शांततेचा भंग होण्याचा संभव आहे. मृत्यू नामंजूर. अर्जदाराने दुरुस्त प्रत सादर करावी.'

यानंतर मिसलीत तीन मृत्यू, एक संन्यास आणि पंढरपूरला कायमचे निघून जाणे एवढ्या गोष्टी सादर झालेल्या दिसतात. सर्व नामंजूर आहेत. मनकर्णा जगत राहिली, देशमुख अपिले करत राहिला आणि पुस्तक वाढत राहिले.

१९४२ च्या सुमारास वरिष्ठ कचेरीचे पत्र आले. उमरटेक येथे दर मंगळवारी दीडशेच्या वर माणसे जमून एका बाईच्या हक्कासंबंधीचा मजकूर ऐकतात अशी खबर आहे. विसाहून अधिक माणसे जमल्यास ती सभा होय. या सभेला परवानगी कोणी दिली व तिचा चालक कोण, ते कळवावे.

दस्तगीर साहेबांनी दोन दिवस जेवण घेतले नाही. सभेला परवानगी देणारे अधिकारी तेच होते आणि त्यांनी ती दिलेली नव्हती. सभा भरत होती त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच अध्यक्षतेखाली. खोटे लिहिणे त्यांना जमत नसे. त्यांनी जे होते ते लिहिले: 'लोक वाचनालयाच्या दरखास्तीच्या चौकशीनिमित्त जमतात. दरखास्त करणार, किसनराव वकील.' वरिष्ठ कचेरीने एका रकान्यातला मजकूर दुसऱ्या रकान्यात उतरवला आणि किसनराव 'राजकीय पुढारी, उमरटेक' झाले. विनापरवाना सभा चालवल्याबद्दल तीन महिने कैद असा हुकूमही सोबत होता.

"पुढारी झालात म्हनं," शालूबाई दशम्या बांधता बांधता म्हणाल्या. "लोकायला आधी ठावं असतंय. मला कागद आल्यावर कळून राहिलं."

"मलाही तेव्हाच कळलं."

जहागिरीच्या तुरुंगात त्या वर्षी ज्वारी भरलेली होती, म्हणून किसनरावांना कचेरीच्याच एका खोलीत ठेवण्यात आले. दर मंगळवारी दोन शिपाई त्यांना पेशीला आणत. ज्या सभेबद्दल त्यांना शिक्षा झाली होती, त्या सभेला हजर राहणे त्यांच्यावर बंधनकारक होते. बाकीचे सहा दिवस त्यांना लिहिण्याखेरीज काम नव्हते. जाणकारांचे मत, म्हणजे भिकाबाईचे मत, असे की त्या तीन महिन्यांतली प्रकरणे सगळ्यांत सरस उतरली.

सुटले तेव्हा वेशीवर हार घेऊन माणसे उभी होती. रयत परिषदेचे अध्यक्षपद तिथेच त्यांच्या गळ्यात पडले. पहिल्याच भाषणात त्यांनी मागणी केली की उमरटेकात वाचनालय झाले पाहिजे.

भाषण संपल्यावर भिकाबाई त्यांच्यापाशी आली. "वकीलसायेब, एक इचारू? तुमी वाचनालय मागून राहिले. पन तितं वाचनार कोन? हितं पेशकार वाचतो, सायेब गलका करू देत न्हाई, संतराम पानी देतो. आनिक काय पायजे?"

"तिथं तुम्हाला पाहिजे तेव्हा येता येईल, बाई. दावा लावावा लागणार नाही."

"दावा न्हाई तर घरून सोडतंय कोन?" भिकाबाई म्हणाली.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा काळ थट्टेचा नव्हता. गावे ओस पडली, माणसे वऱ्हाडात निघून गेली, काही परत आली नाहीत. किसनरावही सहा महिने हद्दीबाहेर होते. पेशी बंद होती. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात जुने राज्य गेले. ऑक्टोबरात दस्तगीर साहेबांना जागा सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी किसनरावांना बोलावून घेतले. साहेबांची ट्रंक बांधलेली होती. हिंगोली स्टेशनची गाडी दुपारी होती.

"आखरी बाब लिखे?" त्यांनी विचारले.

"नाही, साहेब. थोडं राहिलं आहे."

साहेबांनी मिसल पुढे ओढली. हातात टाक होता. सही केली असती तर दरखास्त मंजूर झाली असती. त्यांनी टाक खाली ठेवला.

"अधूरी किताब पे मैं कैसा दस्तखत करना, वकीलसाब. नौ बरस नहीं किया." मिसल परत बांधत ते म्हणाले, "लिखे तो खबर करना."

"पत्ता द्या, साहेब."

"पता अभी मेरे कोच मालूम नहीं."

नवे साहेब वऱ्हाडातून आले. तरुण, उत्साही, खादीचे. साडेनऊ शेरांची मिसल पाहून त्यांना मनापासून राग आला.

"वाचायला परवानगी? अकरा वर्षं? किसनरावजी, आता आपलं राज्य आहे." त्यांनी बस्ता न सोडता वरच्या कागदावर 'मंजूर' असे लिहिले. कचेरीच्या घड्याळाप्रमाणे याला चार मिनिटे लागली, त्यांपैकी तीन टाकाची निब शोधण्यात गेली.

डिसेंबरात वाचनालयाचे उद्घाटन झाले. ज्या खोलीत किसनराव कैदेत होते तीच जागा त्याला मिळाली. नवे साहेब भाषणात म्हणाले की किसनरावजींच्या लेखणीने ही भूमी जागी केली, आणि 'मन' एवढे म्हणून त्यांनी हातातली चिठ्ठी पाहिली, '...कर्णा' हा ग्रंथ प्रत्येकाच्या घरी असला पाहिजे. टाळ्या झाल्या. नंतर ग्रंथ, शेवटचे प्रकरण राहिलेले असतानाच, कपाटात ठेवण्यात आला. कपाटाला कुलूप नव्हते. किसनरावांचा तसा आग्रह होता.

पहिल्या महिन्यात वाचनालयाला एक्केचाळीस मान्यवरांनी भेट दिली. वाचक आले नाहीत.

किसनराव तांड्यावर गेले. भिकाबाई दळत होती.

"बाई, वाचनालय उघडलं आहे."

"ऐकलं जी. लई चांगलं झालं."

"मग येत काहून नाही तुम्ही?"

"येऊ की. आता कवा बी येता येतंय म्हनं." तिने जात्यात मूठ टाकली. "तवा मंगळवार असायचा. मंगळवारी समदं काम टाकून यावं लागायचं. आता कवा बी म्हनल्यावर, कवा यावं?"

ते सोनाजी पेशकाराकडे गेले. तो नव्या कचेरीत कायम झाला होता.

"सोनाजी, मंगळवारी तासभर येऊन वाचत जा. लोक तुझ्या आवाजाला सरावलेत."

"हुकूम आणा, वकीलसाहेब. दुसऱ्या मिनिटाला वाचतो."

"आपखुशीनं?"

"आपखुशीनं मी आयुष्यात काही वाचलेलं नाही," सोनाजी म्हणाला. त्यात त्याला वावगे वाटले नाही.

त्याच आठवड्यात किसनरावांनी शेवटचे प्रकरण लिहून पुरे केले. पुस्तक एक हजार चारशे बारा पानांचे झाले. या वेळी 'समाप्त' लिहिल्यावर कोणी हरकत घेतली नाही. त्यांनी ते शालूबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या की हातातले काम झाले की बघते.

दुसऱ्या दिवशी किसनराव वकील कोट घालून कचेरीत गेले आणि त्यांनी नवी दरखास्त दाखल केली. विषय: 'मनकर्णा' या पुस्तकावर बंदी घालण्याबाबत. अर्जदार, पुस्तकाचा कर्ता.

नव्या साहेबांनी ती दोनदा पाहिली. "किसनरावजी, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. बंदी घालावी, एवढीच प्रार्थना आहे. काही वर्षांसाठी घातली तरी चालेल."

"बंदी घालायची तर पुस्तकात आक्षेपार्ह काय आहे ते दाखवावं लागतं."

"ते आपण वाचून ठरवायचं असतं."

"चौदाशे पानं?" साहेब हसले. "तेवढा वेळ कुणाला आहे? आणि कशासाठी? तुम्हाला हवं ते लिहायचा हक्क आहे."

"साहेब, मला नऊ वर्षं एक वाचक होता," किसनराव म्हणाले. "माझ्या मनकर्णेला त्यांनी चारदा मरू दिलं नाही. चुका काढल्या. दोन दिवस तर माझ्या पुस्तकापायी ते जेवले नाहीत. मी त्यांना जुलमी म्हणून भाषणं केली, ती खरीच होती. पण आता मला लिहायला कोणी अडवत नाही, आणि लिहिलेलं कोणी उघडत नाही. तुम्ही निदान एकदा संशय तरी घ्या."

साहेब दयाळू होते. त्यांनी अर्ज फेटाळला नाही. त्यावर सविस्तर शेरा लिहिला. 'शासनाचा सदर पुस्तकावर पूर्ण विश्वास आहे. सबब ते वाचण्याची आवश्यकता नाही.'

पुस्तक आजही कपाटात आहे. शेवटच्या प्रकरणात देशमुखाच्या अपिलाचे काय होते आणि मनकर्णा काय करते, हे या लेखनात सांगता आले असते. पण ते सोळा पानांत आहे आणि ती पाने वाचण्यास आता कोणाचीही मनाई नाही. वाचनालय रोज चार ते सहा उघडे असते. आपल्यालाही उमरटेकाला येण्याची इच्छा झाली असेल. तेवढी सवड झाली नाही तरी अडचण नाही. भेट देणाऱ्या मान्यवरांचा वेळ वाचावा म्हणून कचेरीने अभिप्रायाचे कोरे नमुने छापून घेतले आहेत, ते टपालानेही मिळतात. आपण फक्त सही करून पाठवावी. 'पुस्तक साद्यंत वाचले' हे त्यात आधीच छापलेले आहे.